ओनोफ्रे आणि अब्रानची हिरवी पिकअप

माझा धाकटा भाऊ ओनोफ्रे जुन्या पिकअप गाड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. जुन्या म्हणजे आमच्या आईवडिलांच्या लग्नाच्या सुमारास रस्त्यावर आलेल्या. न्यू मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या आमच्या डोंगरी गावांत त्या अजून चालतात, आणि कुणाच्या हौसेखातर नव्हे. त्यांच्यातून सरपण येतं, गवताचे भारे येतात, मेंढ्या जातात. वरच्या कुरणाच्या रस्त्यावर नव्या गाडीचा दोन हिवाळ्यांत खुळखुळा होतो, आणि मग तिच्या पोटात काय दुखतंय ते विचारायला शहरातला कॉम्प्युटर लागतो. जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूने खालची जमीन दिसते. माणूस आत उभा राहील एवढी जागा. ओनोफ्रेचं बहुतेक आयुष्य त्या जागेत गेलं.

तरुणपणी तो मोलिब्डेनमच्या खाणीवर होता, खाली बोगद्यात नाही, वर गॅरेजात. खाण बंद झाली तेव्हा त्याच्या बरोबरीचे सगळे आल्बुकर्कीला गेले. हा घरी परत आला आणि वडिलांच्या मेंढ्यांच्या गोठ्यात त्याने पाने, जॅक आणि एक दाबयंत्र आणून ठेवलं. त्याची बायको काही वर्षांनी बहिणीकडे कोलोराडोला म्हणून गेली आणि तिकडेच राहिली. भांडण असं झालं नव्हतं. "घरात आला तरी तो शेडमध्येच असतो," एवढंच ती मला म्हणाली होती. तेव्हापासून संध्याकाळचा तो माझ्याकडे जेवतो. आमची दारं समोरासमोर आहेत. मी गावच्या शाळेची बस चालवते, तिचं तेलपाणीही तोच बघतो, पण ती गाडी त्याला आवडत नाही. तिच्याकडे बघताना तो नाक वर करतो.

त्याचं काम निगुतीचं आहे. या जुन्या इंजिनांत पिस्टनच्या रॉडच्या तोंडातच मऊ पांढरा धातू ओतलेला असतो. तो झिजला की इंजिन ठकठक करतं. मग खालचं तेलाचं चेंबर उतरवून रॉडचं टोपण खोलायचं, मधल्या कागदासारख्या पत्र्यांतला एक काढायचा, टोपण आवळायचं आणि इंजिन हाताने फिरवून बघायचं. सैल राहिलं तर पुन्हा ठकठक, घट्ट झालं तर धातू वितळून सगळंच जातं. ओनोफ्रे पालथा पडून तासन्‌तास हे करायचा, आणि वर आला की कपाळापासून हनुवटीपर्यंत काळा. गाडीचा मालक घाई करायला लागला की म्हणायचा, "माझी घाई संपली, आता तुझी सुरू कर. घेऊन जा अशीच."

फक्त एका माणसापुढे त्याचं हे चालत नसे, तो म्हणजे अब्रान. दोघं एका बाकावर शिकले, एका वर्षी खाणीवर लागले. अब्रानच्या एकुलत्या एक मुलाला, नेस्तोरला, बाप्तिस्म्याच्या वेळी ओनोफ्रेनेच हातात धरलं होतं. तेव्हापासून ते दोघं एकमेकांना 'कोंपा', म्हणजे बाप्तिस्म्याने झालेले भाऊ, म्हणत, आणि नेस्तोर ओनोफ्रेला 'निनो' म्हणे, म्हणजे धर्मपिता. अब्रान मोठ्याने हसणारा, कुणाचं न ऐकणारा, कामाला वाघ. त्याची हिरवी पिकअप त्याच्या वडिलांनी नवी कोरी घेतलेली. ती अब्रानकडे आल्यापासून तिला ओनोफ्रेशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता.

मे महिन्याच्या शेवटी अब्रान तेल बदलायला शेडमध्ये आला. त्या दिवशी तिथे काय बोलणं झालं ते मला फार उशिरा कळलं, पण सांगते इथेच. अब्रानची बायको कासिल्दा गाडीतच बसून होती. बाजारातून मिरचीची रोपं घेऊन ती दोघं परत निघाली होती आणि रोपांचा ट्रे तिच्या मांडीवर होता.

ओनोफ्रे जुनं तेल नेहमी फडक्यातून गाळून बघतो. त्या दिवशी फडक्यावर तपकिरी बारीक कपच्या राहिल्या.

"हे बघ," तो म्हणाला.

"काय आहे? तंबाखू?"

"तुझ्या टायमिंग गिअरचे दात."

"तुझ्यापेक्षा जास्तच उरले असतील तिला."

ओनोफ्रे हसला नाही. हा गिअर कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, फिरवतो. आवाज कमी व्हावा म्हणून तो लोखंडाचा नसून दाबून घट्ट केलेल्या कापडाचा असतो आणि वर्षानुवर्षं चालतो. पण एकदा झिजायला लागला की कधी साथ सोडेल सांगता येत नाही. सोडली की इंजिन जागच्या जागी थांबतं. मग हातात काही राहत नाही.

"पुढचं सगळं खोलावं लागेल," ओनोफ्रे म्हणाला. "जाळी, रेडिएटर, खालचं चेंबर. कॅमशाफ्ट बाहेर काढून गिअर दाबयंत्रावर चढवायचा. गिअर मागवावा लागेल. गाडी राहू दे इथेच."

"कोंपा, पाटाच्या पाण्याची पाळी माझी आहे. गवत उभं आहे. ते एकदा कापून होऊ दे, मग तू तिला काय उघडी करायची ती कर."

"आज जाईल, नाहीतर दोन वर्षांनी जाईल. मला सांगता येणार नाही."

"मग दोन वर्षांनी जाऊ दे की."

तेवढ्यात कासिल्दाने आतून हॉर्न वाजवला. "अहो, झालं का? रोपं माना टाकायला लागली. गाडीचं काय, ती मागच्या वर्षीही कुरकुरत होती. चला."

किल्ली ओनोफ्रेच्या खिशात होती. त्याने ती फडक्याला पुसली आणि दिली.

"वरच्या कुरणाकडे नेऊ नकोस हिला."

"बरं, आई," अब्रान म्हणाला आणि हसत गाडीत बसला.

जूनमध्ये वारा सुटला. त्या वर्षी हिवाळ्यात बर्फच धड पडलं नव्हतं, रानातली पाइनची पानं पायाखाली चुरचुर मोडत होती. पश्चिमेकडच्या कड्यामागे वीज पडून आग लागल्याचं सगळ्यांना माहीत होतं, पण ती दूर होती. एका दुपारी वाऱ्याने तोंड फिरवलं आणि ती दूर राहिली नाही. शेरीफची माणसं दारोदार हॉर्न वाजवत आली. मी शाळेची बस काढली आणि म्हातारी माणसं, दोन बाळंतिणी, कुत्री, कोंबड्यांच्या पाट्या, जे सापडेल ते भरलं. कासिल्दाही माझ्याच बसमध्ये चढली. अब्रानने तिला चढवलं आणि खिडकीतून म्हणाला, "मेंढ्यांचं फाटक उघडून येतो. लगेच येतो."

त्याच्या मेंढ्या वरच्या कुरणात होत्या.

खाली तालुक्याच्या गावातल्या शाळेच्या मैदानावर आम्ही उतरलो. ओनोफ्रे दुसऱ्याच कुणाची तरी पिकअप भरून माझ्याआधी पोचला होता. तो गाड्या मोजत असल्यासारखा फाटकापाशी उभा होता. मला बघून म्हणाला, "अब्रान कुठेय?"

"मेंढ्या सोडायला गेला."

"कशाने?"

मला प्रश्नच कळला नाही. "कशाने म्हणजे? त्याच्या गाडीने."

त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं त्याला झटका येतोय. तो वळला, गाडीत बसला आणि परत डोंगराकडे निघाला. पुलावर पोलिसांनी रस्ता अडवला होता. तिथे त्याने त्यांच्याशी हुज्जत घातली, गाडी बाजूने घुसवायचा प्रयत्न केला, तेव्हा दोघांनी त्याला धरून खाली बसवलं. मला हे तिथे असलेल्या एका पोलिसानेच नंतर सांगितलं. म्हणाला, तुमचा भाऊ एकच वाक्य बोलत होता, "ती गाडी खाली येणार नाही."

अब्रानने फाटक उघडलं होतं. मेंढ्या आपल्या पायांनी उतरून दुसऱ्या दिवशी नदीकाठी सापडल्या, पाठीची लोकर करपलेली, पण जिवंत. तो मात्र परतताना अर्ध्या वाटेत अडकला. गाडी एकाएकी बंद पडली. तो स्टार्टर मारत राहिला, बॅटरी संपेपर्यंत, आणि मग धुरातून पायी निघाला. आग विझवणाऱ्यांना तो पाटाच्या कडेला पडलेला सापडला. हॉस्पिटलात तो शुद्धीवर होता, थोडं बोललाही. नेस्तोर आल्बुकर्कीहून येऊन बापाजवळ बसला. अब्रान त्याला म्हणाला की इंजिन कुणीतरी कापून टाकावं तसं थांबलं, आणि स्टार्टर मारला की नुसतंच हलकं फिरत होतं, पलीकडे काही नसल्यासारखं. त्याच्या फुप्फुसांत काही उरलं नव्हतं. दोन दिवसांत गेला.

आगीने आमची वाडी सोडली आणि वरचं सगळं रान घेतलं. हिरवी पिकअप वळणावर तशीच उभी राहिली. एका बाजूचा रंग फुगला होता, बाकी काही झालं नव्हतं. हे लोकांना जास्त लागलं. गाडीत नुसता बसून राहिला असता तरी वाचला असता, असं जो तो म्हणायला लागला.

अंत्यविधीच्या दिवशी ओनोफ्रे काळा कोट घालून चॅपलच्या दाराशी उभा होता, शवपेटीला खांदा द्यायला. नेस्तोर त्याच्यापाशी गेला आणि त्याच्या छातीवर हात ठेवून म्हणाला, "तुम्ही नको, निनो."

ओनोफ्रे बाजूला झाला.

नंतर हॉलमध्ये जेवण होतं. बायकांनी राजमा, लाल मिरचीतलं मटण आणि रोट्या मांडल्या होत्या. ओनोफ्रे आला नसता तर बरं झालं असतं, पण तो आला आणि कोपऱ्यात बसला. नेस्तोर थाळी न घेताच त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही त्याने, पण सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"मे महिन्यात गाडी तुमच्याकडे होती."

"होती."

"काय केलंत?"

"तेल बदललं."

"आणि?"

"आणि किल्ली दिली."

"इंजिन बघितलं नाहीत?"

ओनोफ्रेने वर बघितलं. पलीकडच्या टेबलावर कासिल्दा बसली होती, काळ्या शालीत, मान खाली. तिने रोटीचा तुकडा मोडला आणि तो हातातच ठेवला.

"बघितलं," ओनोफ्रे म्हणाला.

"आणि तरी त्यांना त्या गाडीत बसू दिलंत."

"हो."

नेस्तोरला आणखी काहीतरी ऐकायचं होतं, वाद घालायला तरी. ते मिळालं नाही म्हणून तो बाहेर निघून गेला. ओनोफ्रेही उठला. मी त्याच्या मागे धावले.

"अरे, असं काय उत्तर दिलंस? लोकांना वाटेल तूच मारलंस त्याला. काय झालं होतं ते सांग ना सरळ."

"मी मेकॅनिक आहे. गाडी बंद पडली. यात सांगायचं काय?"

"माझ्यापासून काहीतरी लपवतोयस तू."

"इसाउरा, घरी जा," तो म्हणाला. मला तो नावाने फार क्वचित हाक मारतो.

त्या उन्हाळ्यात त्याच्याकडे काम येणं थांबलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. त्रांकिलिनो, पलीकडच्या ओढ्याकाठी राहणारा शेजारी, तीन पिढ्यांचं येणंजाणं असलेला, तो आपली ठकठकणारी गाडी शेडवरून पुढे खालच्या गावातल्या गॅरेजात घेऊन गेला आणि ओनोफ्रेला बघून हात करायला विसरला नाही. मग पाऊस आला. वरच्या जळक्या डोंगरावरून काळं पाणी उतरलं, पाट राखेने बुजले, लोकांची शेतं बुजली. सगळी पुरुषमंडळी फावडी घेऊन पाट उपसायला गेली. ओनोफ्रेही गेला आणि एकटाच टोकाला काम करत राहिला. त्याच्या शेजारच्या टप्प्यात कुणी उभं राहिलं नाही. मी घरून त्याच्यासाठी डबा नेला तेव्हा तो काठावर बसून हाताच्या तळव्यांकडे बघत होता. जेवण तसंच परत आलं.

तो शेड उघडेनासा झाला. संध्याकाळी माझ्याकडे यायचा, दोन घास खायचा, जायचा. गालफडं बसली. एकदा मी चिडून म्हणाले, "तू असा मेलास तर अब्रान परत येणार आहे का?" त्याने मिठाची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाला, "भाजी अळणी झालीय." तेव्हा मला हसू आलं आणि मग मोरीपाशी जाऊन मी रडले.

ऑक्टोबरात, पॉपलरची पानं पिवळी झाल्यावर, एका सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला. त्रांकिलिनो ट्रॅक्टर चालवत होता आणि मागे साखळीला अब्रानची हिरवी पिकअप होती. तिच्या स्टिअरिंगवर कासिल्दा बसलेली. शेडसमोर येऊन दोघं थांबले. त्रांकिलिनोने साखळी सोडली आणि ट्रॅक्टर वळवला.

ओनोफ्रे दारात आला. मी रस्ता ओलांडून गेले, कारण मला भीती वाटली.

"ही दुरुस्त करायची आहे," कासिल्दा म्हणाली.

"शहरात ने."

"शहरात कुणाला कळते ही?"

"मग विकून टाक. तिच्या पत्र्यालाही गिऱ्हाईक मिळेल."

"ओनोफ्रे, मी तिला विकायची का ठेवायची हे तुला विचारायला आले नाही. दुरुस्त कर म्हणायला आले."

"नेस्तोरला माहीत आहे?"

"नाही."

"मग नको."

ती गाडीतून उतरली, शेडमध्ये गेली, एक लाकडी खोका उलटा करून त्यावर बसली आणि पिशवीतून विणकाम काढलं. ओनोफ्रे माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले. शेवटी आम्ही दोघांनी धक्का मारून गाडी आत घेतली.

पुढचे कित्येक दिवस असेच गेले. कासिल्दा सकाळी पायी यायची, खोक्यावर बसायची, विणत राहायची. ओनोफ्रे तिच्याकडे पाठ करून काम करायचा. आधी त्याने जाळी काढली, मग रेडिएटर. दुसरी बॅटरी जोडून, डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून त्याने मला स्टार्टर मारायला सांगितलं. इंजिन भुर्रकन फिरलं, पण कॅमशाफ्टवर फिरणारा टोपणाखालचा दांडा जागचा हलला नाही. त्याने मान हलवली. त्याला आधीच ठाऊक असलेलंच ते होतं, तरी हात पुसायला त्याला बराच वेळ लागला. त्यानंतर त्याने तेल सोडून चेंबर उतरवलं, कारण पुढच्या झाकणाचे दोन स्क्रू आतल्या बाजूने असतात आणि ते घाईत विसरणाऱ्याचं झाकण मोडतं. तो खाली पालथा असताना कासिल्दा एकदा म्हणाली, "तिथे गार असेल, पोतं घाल अंगाखाली." थोड्या वेळाने त्याने हात बाहेर काढून पोतं ओढून घेतलं.

झाकण निघालं त्या दिवशी मी तिथे होते, दुपारची बसची फेरी व्हायची होती. गिअरच्या एका बाजूला दात उरलेच नव्हते. कुत्र्याने कुरतडलेल्या चपलेसारखी त्याची कड दिसत होती. खाली तपकिरी भुगा. ओनोफ्रेने दिवा जवळ धरला, बराच वेळ बघितलं आणि मग बाजूला होऊन म्हणाला, "बघायचं असेल तर बघ. हेच होतं."

कासिल्दा उठून आली. तिने गिअरवर बोट ठेवलं, जिथे दात नव्हते तिथे.

"तू त्याला सांगितलं होतंस," ती म्हणाली.

ओनोफ्रेने दिवा खाली ठेवला.

"मी गाडीत होते. सगळं ऐकू येत होतं. तू म्हणालास गाडी इथेच राहू दे. म्हणालास आज जाईल नाहीतर दोन वर्षांनी जाईल." मग ती माझ्याकडे वळली. "इसाउरा, तुझ्या भावाने सांगितलं होतं. माझ्या माणसाने ऐकलं नाही. आणि मी हॉर्न वाजवला. माझी रोपं सुकत होती."

मला काय वाटलं ते धड सांगता येत नाही. आधी राग आला, असा की तिला खांद्याला धरून हलवावं. इतके महिने ती चॅपलमध्ये माझ्या शेजारी गुडघे टेकून बसत होती. माझा भाऊ तिच्या डोळ्यांसमोर खंगत होता.

"मग हॉलमध्ये का नाही बोललीस?" मी विचारलं.

"काय बोलू? नेस्तोरला कुणावर तरी रागवायचं होतं. मी बोलले असते तर तो बापावर रागावला असता, बाप तर पेटीत होता. नाहीतर माझ्यावर. मला एकच तर पोरगा आहे." तिने बोटावरचा भुगा पुसला. "मला वाटलं ओनोफ्रे बोलेल. तो बोलला असता तर मी हो म्हणणार होते. तो बोललाच नाही. मग मला गप्प बसणं सोपं गेलं. रोज आणखी सोपं जात होतं."

ओनोफ्रे म्हणाला, "किल्ली माझ्या खिशात होती, कासिल्दा. ती मी दिली."

"तू दिली नसतीस तर त्याने तारा जोडून गाडी नेली असती. आणि वर तुला शिव्या दिल्या असत्या."

"दिल्या असत्या," ओनोफ्रे म्हणाला. "पण मी त्याला अडवूनही बघितलं नाही. नेहमीसारखं वाटलं, जाऊ दे, अब्रान आहे." एवढं बोलून तो शेडबाहेर गेला आणि लाकडाच्या ढिगाऱ्यामागे उभा राहिला. आम्ही दोघी आत बसून राहिलो. माझी बसची फेरी चुकली, पोरं शाळेच्या पायऱ्यांवर ताटकळली.

त्याच संध्याकाळी कासिल्दाने माझ्या स्वयंपाकघरातून नेस्तोरला फोन केला. तिने मला बाहेर जा म्हटलं नाही. तिने सगळं सांगितलं, हॉर्नसकट. मग तो काहीतरी थोडकं बोलला आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तुझ्यामुळे मी निनोंना पेटीला हात लावू दिला नाही."

तो नाताळलाही आला नाही. आईला फोनही केला नाही. कासिल्दा मात्र रोज शेडमध्ये येत राहिली, आता विणकामाशिवाय, आणि ओनोफ्रे सांगेल ते नट रॉकेलमध्ये धुवून द्यायची. नवा गिअर ॲल्युमिनियमचा आला. ओनोफ्रेने कॅमशाफ्ट बाहेर काढला, जुना गिअर दाबयंत्रावर उतरवला, नवा चढवला. नव्या गिअरच्या आणि त्याला फिरवणाऱ्या खालच्या गिअरच्या खुणा समोरासमोर लावल्या, परत काढल्या, परत लावल्या. चेंबर उतरलेलंच होतं, म्हणून सगळ्या रॉडची टोपणंही खोलून बघितली. एवढं कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं त्याला हे काम संपवायचंच नाहीये.

गाडी सुरू झाली त्या दिवशी बर्फ पडत होतं. आवाज पूर्वीपेक्षा थोडा तीव्र, नव्या गिअरची बारीक शीळ त्यात मिसळलेली. कासिल्दाने तो ऐकला, आणि "ही त्याची गाडी वाटत नाही," असं म्हणून ती रडली.

नेस्तोर आला जानेवारीत, न सांगता. तो शेडमध्ये शिरला तेव्हा ओनोफ्रे आणि मी स्टोव्हपाशी कॉफी घेत होतो. नेस्तोरने टोपी काढली नाही, बसलाही नाही.

"निनो, बाबा नक्की काय म्हणाले होते? मला त्यांचे शब्द पाहिजेत. आईने सांगितले, पण तिने तिच्याच चुकीचं जास्त सांगितलं."

ओनोफ्रेने कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं, जसं बोललं गेलं तसं, थट्टेसकट. मी पहिल्यांदाच पूर्ण ऐकत होते. 'बरं, आई' आलं तेव्हा नेस्तोरच्या तोंडातून हसू फुटलं आणि मध्येच त्याचं काहीतरी दुसरंच झालं. त्याने भिंतीकडे तोंड केलं. ओनोफ्रे उठला, पण त्याच्याजवळ गेला नाही. तो तिथेच उभा राहिला, हात लोंबते ठेवून.

माफी कुणी मागितली नाही. नेस्तोर जाताना म्हणाला, "कबरीवर दगड बसवायचाय एप्रिलमध्ये. जड आहे. तुम्ही याल का उचलायला?"

"येईन."

दगड बसला. ओनोफ्रेने एक बाजू धरली, नेस्तोरने दुसरी. गावातल्या लोकांनी ते पाहिलं आणि हळूहळू गाड्या परत यायला लागल्या, आधी एक, मग दोन. पण नेस्तोरचं आणि आईचं पूर्वीसारखं झालं नाही. तो महिन्यातून एकदा येतो, सरपण फोडून देतो, हवेबद्दल बोलतो आणि दिवस मावळायच्या आत निघतो. कासिल्दाने मेंढ्या विकल्या. मिरची ती लावत नाही.

ओनोफ्रेही पूर्वीसारखा राहिला नाही. त्याला शंका आली तर तो आता गाडी सोडतच नाही. गेल्या महिन्यात त्रांकिलिनोच्या पिकअपच्या पाण्याच्या पंपाचा दांडा त्याला डुगडुगता लागला. त्याने किल्ली स्वतःकडे ठेवून घेतली.

"अरे, मला बियाणं आणायला जायचंय आज," त्रांकिलिनो म्हणाला.

"माझी गाडी ने."

"तुझ्या गाडीची सीट माझ्या कंबरेला लागते. दे बाबा. हळू चालवीन."

"नाही."

"ओनोफ्रे, गाडी माझी आहे."

"तुझीच आहे. पंप बसला की तुझ्या दारात आणून उभी करतो."

त्रांकिलिनो भयंकर संतापला. शेरीफला बोलावतो म्हणाला, तुझ्या बापाने कधी असं केलं नसतं म्हणाला, आणि अब्रानचं नावही त्याच्या तोंडावर आलं होतं, मला दिसलं, पण त्याने ते गिळलं. मग तो ओढ्याकडच्या चढाने पायीच घरी निघाला, वाऱ्यात टोपी धरून, दर दहा पावलांवर मागे वळून काहीतरी बोलत. ओनोफ्रे दारात उभा राहून त्याच्याकडे बघत होता.

"दिली असतीस तरी चाललं असतं," मी म्हणाले. "बियाण्याचं दुकान हाकेवर आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि आत जाऊन पंपाचे नट सोडवायला लागला.